मॉनिटरचा दुसरा जोड

ऑस्ट्रेलियात, वॉलाँगाँगच्या आमच्या भाड्याच्या घराला गॅरेज होतं, पण त्यात गाडी कधी उभी राहिली नाही. पप्पांची जुनी गाडी बाहेर उन्हात तापायची आणि गॅरेजात आईची शेगडी असायची. बोंबील, सुकट, लसणाची फोडणी, जे काही वासाचं असेल ते तिथे, कारण घराचा एजंट अधूनमधून इन्स्पेक्शनला यायचा आणि नाक पुढे करून खोल्याखोल्यांतून फिरायचा. तो येणार म्हटलं की आई दोन दिवस आधीपासून घरात फक्त वरणभात करायची. मला त्याचा तेव्हाही राग यायचा. आपण भाडं भरतो आणि आपल्याच घरात आपल्याच जेवणाला लपवतो, हे मला कधी पटलं नाही. आई म्हणायची, "लपवत नाही गं, गॅरेजात नेऊन शिजवते." यात फरक काय ते तिलाच ठाऊक.

पप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथून हातातल्या कामाच्या जोरावर व्हिसा मिळवून ते पोर्ट केंबलाच्या स्टीलच्या कारखान्यात आले आणि मागून आई नि मी. कारखान्याची घरघर आमच्या घराला कायमची चिकटलेली होती. सकाळी त्यावर कोकाटू पोपटांचा कर्कश गोंगाट चढायचा. आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी घड्या करायच्या शिफ्टला जायची आणि तिथल्या मोठ्या यंत्रांच्या आवाजात गात बसायची, कारण तिथे कोणाला ऐकू जात नाही म्हणून. घरी मात्र गॅरेजात, बोंबील परतताना, ती मोकळ्या गळ्याने गायची. अंबरनाथच्या विहारात जयंतीला तिचं गाणं झाल्याशिवाय जेवणाच्या पंगती बसत नसत. इथे आल्यावर तिला विचारणारं कोणी नव्हतं.

मी युनिला होते, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि हे मी आजही सांगते, न विचारता सांगते. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना ते लक्षात राहत नसे. "तू टेफला ना गं, ते वायरिंगचं शिकतेस?" असं मला किती वेळा विचारलं गेलं असेल. टेफ म्हणजे इथलं आयटीआय. मी म्हणायचे, "नाही काका, युनिला. डिग्रीला." मग ते "अरे वा" म्हणायचे. त्या 'अरे वा'मध्ये जे आश्चर्य असायचं ना, ते मला आजही आठवतं.

दुसऱ्या वर्षाला असताना मी गॅरेजात रेकॉर्डिंगचं सामान जमवायला लागले. भिंतींवर आवाज आपटून परत येऊ नये म्हणून आईने शिवलेल्या गोधड्या टांगल्या. एक माइक घेतला, कॉम्प्युटरला जोडायचा एक छोटा इंटरफेस घेतला आणि बारक्या मॉनिटर स्पीकरचा एक जोड घेतला. पप्पांनी विचारलं, "साधा स्पीकर आणि मॉनिटर यात काय फरक?" मी म्हटलं, "साधा स्पीकर सगळंच गोड करून ऐकवतो. मॉनिटर आहे तसं ऐकवतो." पप्पा म्हणाले, "म्हणजे वर्गातल्या मॉनिटरसारखा. चुगलखोर." तेव्हापासून घरात त्या जोडीला चुगलखोरच म्हणत. पुढे कौन्सिलच्या क्लीन-अपच्या आठवड्यात, जेव्हा लोक नको असलेलं सामान रस्त्याकडेला मांडतात, पप्पांनी शिफ्टवरून येताना मॉनिटरचा एक मोठा जोड उचलून आणला. एकाची जाळी फाटलेली, बाकी ठणठणीत. दोन जोड असले की तेच गाणं आधी लहानावर, मग मोठ्यावर ऐकायचं. दोन्हीकडे नीट वाटलं तर बाहेर कुठेही नीट वाटणार. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

मंडळाला माझी आठवण तेव्हा आली. महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमासाठी त्यांना जात्यावरची गाणी रेकॉर्ड करून हवी होती, हॉलमध्ये लावायला आणि त्यावर बायकांचा नाच बसवायला. मंडळाचे सेक्रेटरी शिरीषकाका, पुण्याचे, सिडनीला आयटीत जाऊन-येऊन करणारे. आम्ही नवीन होतो तेव्हा एजंटकडे आमच्यासाठी शब्द त्यांनीच टाकला होता, त्यामुळे पप्पा त्यांच्यासमोर जरा वाकूनच असत. काका पेटी बरी वाजवायचे; या गाण्याची पेटीही त्यांनीच वाजवून दिली. मंडळातल्या सुशिक्षित बायकांपैकी एकीलाही जात्यावरचं एक अख्खं गाणं येत नव्हतं. त्यांना ते पुस्तकातून माहीत. आईला पाठ होतं, कारण तिच्या आईने खरोखर दळलेलं होतं, स्वतःचं आणि दुसऱ्यांचंही.

आईच्या गाण्याचं धृपद होतं, "फिर फिर दगडा, पीठ मऊसूत पडू दे गं." पहिली तीन कडवी आजीची. चौथं आईने स्वतः रचलेलं, माझी युनिची अॅडमिशन झाली त्या आठवड्यात, लाँड्रीत चादरी घड्या करता करता:

पाटी घेऊन निघाली लेक, वाट देतो गाव गं
माझ्या भीमाच्या लेखणीनं लिहिलं तिचं नाव गं

ते कडवं माझं होतं. आमच्या घरात कोणी कोणासाठी कविता वगैरे केली नव्हती. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भांडी घासत होते, आणि घासतच राहिले, कारण वळले असते तर रडले असते.

रेकॉर्डिंगला शिरीषकाकांच्या पत्नी अनघाकाकू आणि मंडळातल्या आणखी दोघी आल्या. आई पुढे गाणार, या तिघी धृपद झेलणार. तिघींनीही येताना आपापल्या पाण्याच्या बाटल्या आणल्या होत्या. आईने गव्हाची खीर केली होती, वेलदोडा घालून, आमच्याकडे पौर्णिमेला करतात तशी. अनघाकाकू म्हणाल्या, "माझा आज उपास." त्या गेल्यावर पप्पा म्हणाले, "या बाईचा आपल्याकडे आली की उपास असतो. आपल्या दारातच कुठलातरी देव बसलाय." आई हसली. मी नाही हसले. चौथ्या कडव्यानंतरचं धृपद त्या तिघींनी नीट झेललं नाही. एकीला खोकला आला, दुसरीने ओळ विसरल्यासारखं केलं. मी परत घेतलं. परत तसंच. शेवटी दुसऱ्या कडव्यानंतरचं धृपद उचलून मी तिथे चिकटवलं.

दोन दिवसांनी काकांचा फोन आला. "सुजाता, काम छान झालंय. फक्त आईंचा आवाज जरा मागे घेता येईल का? सामूहिक वाटायला हवं. आणि ते शेवटचं कडवं, बघू आपण. लांबतंय जरा." मी म्हटलं, शनिवारी या, ऐका, मग बोलू. आईला मी 'लांबतंय' एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "मग आजीचं एक कमी कर. माझं ठेव." कार्यक्रमात आपला आवाज हॉलभर लागणार म्हणून तिने लाँड्रीतल्या दोघींना, एक मॅसिडोनियन आणि एक फिजीची, आमंत्रण देऊन ठेवलं होतं. त्या दोघींना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. तरी त्या येणार होत्या. आईने इथे आल्यापासून कोणाला कशाचंही आमंत्रण दिलेलं ते पहिलं.

शनिवारी सकाळी मी मोठा जोड जोडला. इथे थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या स्वस्त इंटरफेसला मागे दोनच आउटपुट होते, ते लहान जोडीत अडकलेले. आवाज एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर फिरवायचं वेगळं यंत्र मिळतं, ते माझ्या आवाक्याबाहेर. पुढे हेडफोनचं एक भोक मोकळं होतं. मी त्याला एकाचे दोन करणारा कनेक्टर लावला आणि तिथून दोन वायरी दोन्ही मोठ्या मॉनिटरना नेल्या. म्हटलं, एक बटण खाली केलं की लहान बंद, दुसरं वर केलं की मोठे चालू. सकाळी नुसती ढोलकी लावून पाहिली. ढोलकी मी गाण्यात उजव्या बाजूला ठेवली होती. ती अशी दणक्यात वाजली की गॅरेजचं पत्र्याचं दार थरथरलं. मी खूश.

दुपारी काका-काकू आले. गॅरेजात पप्पांनी घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. आई शेगडीपाशी स्टुलावर. परत खीर. काकूंचा परत उपास. पप्पा म्हणाले, "पुढच्या वेळी साबुदाण्याची करू वहिनी." काकू म्हणाल्या, "नको हो, कशाला तुम्हाला त्रास."

आधी मी लहान जोडीवर लावलं. आईचा आवाज मधोमध, तिचा खरखरीत खालचा सूर, पेटी डावीकडे, ढोलकी उजवीकडे, धृपदाला काकूंचा मेळ दोन्ही कडांना. गाणं चांगलं झालं होतं. आजही म्हणते, चांगलं झालं होतं. चौथं कडवं आलं तेव्हा काका मोबाइल बघत होते. संपल्यावर म्हणाले, "ठीक आहे. पण हॉलमध्ये मोठे स्पीकर असतात, त्यावर कसं वाटेल?"

मी एक बटण खाली केलं, दुसरं वर केलं, आणि गाणं पहिल्यापासून लावलं.

पेटी आली. ढोलकी आली. मग जिथे आई सुरू होते तिथे आई नव्हती. तिच्या आवाजाला मी जो थोडा घुमारा दिला होता तेवढाच लांबून येत होता, एखादं माणूस पलीकडच्या घरात गात असावं तसा. आणि मग धृपदाला काकूंचा मेळ, स्वच्छ, भरदार. मला क्षणभर कळेना. आई स्टुलावरून वर बघायला लागली.

"वा," शिरीषकाका म्हणाले. त्यांनी मोबाइल खिशात टाकला. "हे बघ. हेच म्हणत होतो मी. आत्ता कसं सामूहिक वाटतंय."

"आता आपल्या सगळ्यांचं वाटतं गाणं," अनघाकाकू म्हणाल्या.

आई म्हणाली, "सुजे, माझा आवाज कुठे गेला गं?"

मी उत्तर देणार तेवढ्यात काकाच म्हणाले, "आहे वहिनी, आहे. मागे आहे. तुम्ही पाया आहात या गाण्याचा. पाया कधी दिसतो का?"

हे वाक्य त्यांनी इतक्या सहज म्हटलं, इतक्या प्रेमाने, की मला वाटतं त्यांना ते आजही छान वाटत असेल. मी मोठ्या मॉनिटरच्या मागे गेले. तिथे वाकल्यावर मला उमगलं. हेडफोनच्या भोकातून डावा आणि उजवा असे दोन वेगळे आवाज एकाच पिनेतून येतात. हा मॉनिटर मात्र अशा पिनेतून एकच आवाज येणार, एकदा सुलटा, एकदा उलटा, असं धरून चालतो आणि एकातून दुसरा वजा करतो. दोन्हीकडे जे सारखं असेल त्याची वजाबाकी शून्य. मधोमध ठेवलेला आवाज दोन्हीकडे सारखा असतो. आई मधोमध होती, म्हणून आई शून्य. कडेचे सगळे शाबूत. मी पिन अर्धी बाहेर ओढली आणि त्या मॉनिटरमधून आई एकदम आली, तिसऱ्या कडव्याच्या मधोमध. काकू दचकल्या.

"काका, ती चूक होती," मी म्हटलं. "वायर चुकीच्या ठिकाणी लावली मी. म्हणून आईचा आवाज गेला होता."

काका हसले. "मग राहू दे की चूक. छान वाटत होतं."

माझी मुलगी आता तेव्हाच्या माझ्याएवढी आहे. तिला मी हे सांगते तेव्हा ती म्हणते, "मम, इट वॉज जस्ट अ केबल." केबलच होती. ती मी पुढे नीट लावली. पण ती चूक ऐकून ज्यांना बरं वाटलं, त्यांच्यात काय नीट लावायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

पप्पा हळूच म्हणाले, "सुजे, म्हणतात तसं दे करून. एवढं काय." ते एजंटचा विचार करत होते, मला दिसत होतं. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

आईने शेगडी बंद केली. "भाऊ," ती म्हणाली, "आवाज नको का कडवं नको?"

"वहिनी, गैरसमज नका करून घेऊ. आम्ही जात वगैरे मानतच नाही. इथे येऊन कोण मानतं? फक्त कार्यक्रम सगळ्यांचा आहे. धार्मिक, राजकीय, असं काही आपण घेत नाही."

मी म्हटलं, "कार्यक्रम गणपतीच्या आरतीने सुरू होतो, काका."

"ती परंपरा आहे गं," काकू म्हणाल्या.

"आणि आईचं?"

"ते... ते एका समाजाचं आहे."

"कुठल्या?"

 काकूंनी पाण्याची बाटली उघडली आणि न पिता बंद केली. काका म्हणाले, "सुजाता, तू शिकलेली मुलगी आहेस. थोडा समजूतदारपणा दाखव."

"शिकले म्हणून तर दाखवत नाही," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला, त्याचा मला जास्त राग आला. मी आणखी पुष्कळ बोलणार होते. नाव ऐकून ज्यांना खोकला येतो त्यांनी आमच्या आजीच्या दळणाची गाणी गाऊ नयेत, हे माझ्या ओठावर होतं. पण आईने हात वर केला, लाँड्रीत सुपरवायझर यंत्र थांबवायला करते तसा.

"भाऊ, तुमच्या बायकांचा आवाज तुम्ही घेऊन जा," ती म्हणाली. "तुमची पेटी पण न्या. सुजा काढून देईल वेगळं. माझं इथे राहील."

"अहो वहिनी, पण मग गाणं कुठे राहिलं त्यात?"

"तेच," आई म्हणाली. "बघा तुम्ही."

काका उभे राहिले. पप्पांकडे बघून म्हणाले, "तुम्ही तरी समजवा." पप्पा खुर्ची घडी करत होते. ते म्हणाले, "ती माझं कधी ऐकते का, साहेब." एवढंच. पण ते खुर्ची घडी करत होते, पाहुणे अजून उभे असताना. पप्पांच्या स्वभावाला ते फार झालं. आईने सांगितल्याप्रमाणे मी फाइल काढून दिल्या: पेटी, आणि तीन बायकांचं धृपद, मध्ये लांबलचक रिकामी जागा. कोणाला साथ देताहेत ते कळू नये अशी साथ. काकांनी पेनड्राइव्ह घेतला आणि थँक यू म्हणाले, नेहमीसारखं, अगदी सभ्य.

ते गेल्यावर मला वाटलं आई रडेल. तिने खिरीचं पातेलं झाकलं आणि म्हणाली, "माइक लाव. धृपद कोण झेलणार? मीच झेलते."

"तू एकटी?"

"एकावर एक घेता येतं ना? तूच सांगत होतीस. मग घे."

मी माइक लावला. ती गोधडीकडे तोंड करून उभी राहिली आणि गायला लागली, पण तिने धृपद बदललं होतं. मी थांबवलं. "आई, पीठ मऊसूत."

"नाही. ऐक."

फिर फिर दगडा, भीमनाव कानी पडू दे गं

"आधी एका कडव्यात होतं," ती म्हणाली, "म्हणून त्यांना वाटलं काढता येईल. आता प्रत्येक कडव्यानंतर येणार. पेटीवाल्याने काढून दाखवावं."

तिने ते धृपद एकदा डावीकडच्यासाठी म्हटलं, एकदा उजवीकडच्यासाठी, मग आणखी, प्रत्येक वेळी थोडं वेगळ्या गळ्याने, जणू अंबरनाथच्या विहारातल्या एकेका बाईची आठवण काढून. पप्पा दारात उभे होते. त्यांनाही ती म्हणाली, "या, तुम्ही पण." बायकांचं गाणं म्हणून ते लाजले, मग आले आणि इतके बेसूर गायले की आईने हसून त्यांना माइकपासून दोन हात मागे ढकललं. तो आवाज मी काढला नाही. कान देऊन ऐकलं तर डावीकडे आहे.

कार्यक्रमात नाच झाला, भारतातून मागवलेल्या दुसऱ्याच गाण्यावर. आम्ही गेलो नाही. आईने लाँड्रीतल्या दोघींना घरी बोलावलं, बोंबील केले, या वेळी स्वयंपाकघरात, खिडक्या उघड्या टाकून, आणि गाणं दोन्ही जोडींवर लावलं. एजंटने आम्हाला घराबाहेर काढलं नाही. मंडळाने मात्र काढलं, न बोलता, मेसेज यायचे बंद झाले तसं. पप्पांचा रविवारचा पत्त्यांचा अड्डा गेला. त्यांनी त्याबद्दल आम्हाला कधी ऐकवलं नाही, आणि मी त्यांना कधी सॉरीही म्हटलं नाही, कारण सॉरी म्हणायचं काम आमचं नव्हतं. हे लिहितानाही माझे हात गरम होतात. लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. माझा निवला नाही, आणि मी तो निववायचा प्रयत्नही करत नाही.

मागच्या महिन्यात मंडळाकडून ईमेल आली. आता तरुण मंडळी आहेत, भाषा गोड आहे. इथल्या मराठी लोकांचा वारसा गोळा करतायत. तुमच्या आईंचं जात्यावरचं एक दुर्मिळ गाणं आहे असं ऐकलं, त्यातला छोटासा तुकडा वापरता येईल का, शक्यतो सुरुवातीचा. आईला विचारलं. तिचा गळा आता गेलाय, फोनवरही नीट ऐकू येत नाही. ती म्हणाली, "सगळं घेणार असतील तर दे."

मी अख्खी फाइल पाठवली. खाली लिहिलं, तुकडा हवा असेल तर तो कुठून कापायचा ते मला फोन करून सांगा, तुमच्या तोंडून ऐकायचंय. फोन अजून आलेला नाही.